व्हिडिओ उपलब्ध नाही

आमचे आबा पखवाज वाजवायचे. गावातल्या भजनी मंडळात चाळीस वर्षं. २०१९च्या पावसाळ्यात ते गेले. त्याआधी तीन वर्षं, हरिनाम सप्ताहात, गावातल्या एका पोरानं त्यांचं भजन मोबाइलवर शूट केलं आणि एका व्हिडिओ साइटवरच्या आपल्या चॅनेलवर टाकलं. अकरा मिनिटांचा व्हिडिओ. आवाज जरा फाटलेला, मागे जनरेटरची घरघर, मधेच एक लहान मूल कॅमेऱ्यासमोरून पळत जातं. पण आबा स्वच्छ दिसतात. डोळे मिटलेले, मान किंचित उजवीकडे कललेली, आणि पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक.

मी तो व्हिडिओ एका प्लेलिस्टमध्ये टाकून ठेवला होता आणि निर्धास्त होते. इंटरनेटवर आहे म्हणजे आहेच, असं तेव्हा वाटायचं.

२०२१ मध्ये आत्या पुण्याला आमच्याकडे राहायला आली. जेवणं झाल्यावर म्हणाली, "अगं, आबांचं ते भजन लाव की टीव्हीवर." मी प्लेलिस्ट उघडली. तिथं एक राखाडी चौकोन होता आणि खाली एक ओळ: व्हिडिओ उपलब्ध नाही. आत्याला वाटलं नेट गेलंय. म्हणाली, "राहू दे, उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी त्या पोराला फोन केला. तो म्हणाला, "ताई, माझं अकाउंट हॅक झालं हो. मेल पण गेला. सगळं चॅनेलच गेलं." मूळ फुटेजचं विचारलं, तर ते मेमरी कार्ड पुढं लग्नाच्या शूटिंगला वापरलेलं. त्याच्यावर रागवण्यात काही अर्थ नव्हता, त्याचं माझ्यापेक्षा जास्त गेलं होतं. मग मंडळातल्या सगळ्यांना विचारत सुटले. शेवटी एका चुलतभावाच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ३८ सेकंदांचा तुकडा सापडला. त्यात कॅमेरा गाणाऱ्या बुवांवर आहे. आबा दिसत नाहीत, नुसते ऐकू येतात.

त्यानंतर मी घरी एक छोटा सर्व्हर उभा केला, इंटरनेटवरचे व्हिडिओ उतरवून जपणारा. मी अकाउंट्समध्ये नोकरी करते, कोडिंग मला येत नाही. त्यामुळे प्रत्येक पायरीला अडत, वाचत, विचारत गेले. आणि वाचता वाचता कळलं की आपण काही नवीन करत नाही आहोत. पडद्यावरून गेलेलं पुन्हा दिसणार नाही, या भीतीनं माणसं निदान साठ वर्षं घरात बसून हेच करतायत. साधनं तेवढी बदलत गेली.

टीव्हीसमोर धरलेला माइक

बीबीसीनं 'डॉक्टर हू' ही मालिका नोव्हेंबर १९६३ मध्ये सुरू केली. त्या काळी व्हिडिओटेप महाग होती आणि कार्यक्रम पुन्हा पुन्हा दाखवण्यावर कलाकारांच्या करारांची बंधनं होती. त्यामुळे एकदा दाखवून झालेला भाग सांभाळून ठेवणं म्हणजे कपाट अडवणं. बीबीसीनं टेपा पुसून त्यांवर दुसरे कार्यक्रम भरले, फिल्मवरच्या प्रतीही टाकून दिल्या. सत्तरच्या दशकाच्या शेवटी हे थांबलं तोवर बरंच गेलं होतं. पुढं परदेशी वाहिन्यांना विकलेल्या प्रती शोधून काही भाग परत मिळवले गेले. २०१३ मध्ये जाहीर झालेले नऊ भाग नायजेरियातल्या जोस शहरातून आले. तरीही त्या पहिल्या वर्षांमधले नव्वदहून अधिक भाग चित्ररूपात आजही नाहीत.

पण त्या हरवलेल्या सगळ्या भागांचा आवाज मात्र आहे. काही चाहत्यांनी, त्यातले बरेच शाळकरी वयाचे होते, घरच्या टीव्हीचा आवाज टेपरेकॉर्डरवर भरून घेतला होता. हे वाचलं तेव्हा मी आबांचे ३८ सेकंद पुन्हा लावून ऐकले.

आपल्याकडची गोष्ट याहून दुखरी आहे. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' मुंबईत १९३१ मध्ये पडद्यावर आला. आज त्याची एकही प्रत नाही. जुन्या नायट्रेट फिल्ममध्ये चांदी असायची आणि ती काढण्यासाठी रिळं भंगारात विकली जायची. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. तिथल्या पी. के. नायर यांनी नोकरीची सगळी वर्षं गावोगाव हिंडून रिळं शोधण्यात घालवली. फाळक्यांच्या चित्रपटांचे जे भाग आज आपण पाहू शकतो, त्यांचं श्रेय मोठ्या प्रमाणात त्यांना जातं. आणि जपलेलं तरी सुरक्षित असतं का? २००३च्या जानेवारीत पुण्यात संग्रहालयाच्या साठवणीला आग लागली, त्यात जुनी नायट्रेट रिळं जळाली. एकाच जागी एकच प्रत असली की काय होतं, ते माझ्या घरापासून काही किलोमीटरवर घडून गेलं होतं.

घरात रेकॉर्ड करणं गुन्हा आहे का?

सोनीनं १९७५ मध्ये बीटामॅक्स आणला. पुढच्याच वर्षी जेव्हीसीचा व्हीएचएस आला. टीव्हीवर लागलेलं घरी रेकॉर्ड करायचं आणि सवडीनं बघायचं, एवढंच काम. पण युनिव्हर्सल आणि डिस्ने या स्टुडिओंनी १९७६ मध्ये सोनीवर खटला भरला. त्यांचं म्हणणं, लोक घरी बसून आमच्या मालाची नक्कल करतायत आणि यंत्र विकणारा त्याला जबाबदार आहे.

खटला आठ वर्षं चालला. फ्रेड रॉजर्स हे अमेरिकेतल्या लहान मुलांच्या कार्यक्रमाचे लाडके निवेदक. त्यांची साक्ष मला फार आवडते. त्यांचं म्हणणं होतं की घरच्यांना सोयीच्या वेळी माझा कार्यक्रम एकत्र बसून बघता येत असेल, तर त्यांनी तो जरूर रेकॉर्ड करावा. उलट सिनेउद्योगाचे प्रतिनिधी जॅक व्हॅलेंटी यांनी १९८२ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढं व्हीसीआरची तुलना बायकांचे गळे आवळणाऱ्या एका कुप्रसिद्ध खुन्याशी केली. १७ जानेवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूनं निकाल दिला: नंतर बघण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं हा न्याय्य वापर आहे. एक न्यायमूर्ती इकडचे तिकडे झाले असते, तर घरातलं यंत्र बेकायदा ठरलं असतं. गंमत म्हणजे पुढं कॅसेटच्या विक्रीतून आणि भाड्यातून याच स्टुडिओंनी भरपूर कमावलं.

आपल्याकडे व्हीसीआर आला तो १९८२च्या एशियाडच्या आगेमागे, रंगीत टीव्हीबरोबर. तो विकत घेणं मोजक्यांना परवडायचं. बाकीच्यांसाठी भाड्याचा व्हीसीआर, भाड्याचा टीव्ही, वर्गणी काढून आणलेल्या तीन कॅसेट आणि पहाटेपर्यंत जागरण. आमच्या गल्लीतल्या जागरणाच्या गोष्टी बाबा अजून सांगतात. पण आपल्याकडे बघण्यावर भर होता, ठेवण्यावर नाही. कॅसेट सकाळी परत जायची.

ठेवण्याचा विचार टोकाला नेला तो फिलाडेल्फियातल्या मॅरियन स्टोक्स या बाईंनी. त्या ग्रंथपाल होत्या, काही काळ स्थानिक टीव्हीवर चर्चेचा कार्यक्रमही करायच्या. १९७९ मध्ये इराणमध्ये अमेरिकी दूतावासातली माणसं ओलीस धरली गेली, तेव्हापासून त्यांनी बातम्या रेकॉर्ड करायला सुरुवात केली आणि थांबल्याच नाहीत. एका वेळी अनेक व्हीसीआर, चोवीस तास, वेगवेगळ्या वाहिन्या. टेप संपायच्या आत बदलायची म्हणून घरच्यांच्या बाहेरच्या जेवणाला वेळेचं बंधन. डिसेंबर २०१२ मध्ये त्या गेल्या, तोवर सुमारे ७० हजार टेपा साठल्या होत्या. लोकांना त्या विक्षिप्त वाटायच्या. पण कुठली बातमी आधी कशी सांगितली गेली आणि नंतर कशी बदलली, हे तपासायचं तर वाहिन्यांकडे सगळं उरलेलं नाही, या बाईंच्या घरात होतं. मुलानं तो सगळा साठा इंटरनेट अर्काइव्हकडे सोपवला.

त्या मुलाला मी विसरत नाही. टेपा बाईंनी भरल्या, पण वाचल्या त्यानं टाकून न दिल्यामुळे.

मोडेम आणि एक छोटी स्क्रिप्ट

आता इंटरनेटकडे येऊ. २३ एप्रिल २००५ रोजी यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढला. जावेद करीम हे संस्थापकांपैकी एक, ते प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभे राहून हत्तींच्या सोंडेबद्दल बोलतायत. वीस सेकंदही नाहीत. पुढच्याच वर्षी गूगलनं यूट्यूब १६५ कोटी डॉलरना घ्यायचं ठरवलं.

तुम्ही स्मार्टफोनवरच वाढला असाल, तर तेव्हाचं बफरिंग तुम्हाला कळणार नाही. व्हिडिओ लावायचा, राखाडी पट्टी पुढं सरकायची वाट बघायची, मग प्ले करायचं. पान बंद झालं की पुन्हा पहिल्यापासून. रिकार्दो गार्सिआ गोन्सालेस या स्पॅनिश प्रोग्रामरच्या घरी २००६ मध्ये डायल-अप मोडेमचंच कनेक्शन होतं. एकदा आलेला व्हिडिओ फाइल म्हणून हातात राहावा, एवढ्या साध्या गरजेपोटी त्यानं पायथन भाषेत एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. नावही साधंच: यूट्यूब-डीएल. डीएल म्हणजे डाउनलोड.

ही स्क्रिप्ट काय करायची, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढचं भांडण त्यावरूनच झालं. तुम्ही व्हिडिओ लावता तेव्हा तुमच्या ब्राउझरला व्हिडिओच्या खऱ्या फाइलचा पत्ता मिळतोच, नाहीतर तो दाखवणार कसा? स्क्रिप्ट ब्राउझरसारखंच पान मागते, त्यातून तो पत्ता शोधते आणि फाइल दाखवून फेकून देण्याऐवजी डिस्कवर लिहिते. नंतरच्या काळात साइट चित्र आणि आवाज वेगवेगळ्या प्रवाहांत पाठवू लागल्या. मग दोन्ही उतरवून एफएफएमपेग नावाच्या दुसऱ्या मोफत साधनानं ते जोडायचे. साइटनं पानाची रचना बदलली की स्क्रिप्ट बिघडणार आणि कुणीतरी ती दुरुस्त करणार. असं वर्षानुवर्षं चाललं. २०११ मध्ये रिकार्दोनं जबाबदारी दुसऱ्यांकडे दिली. हळूहळू शेकडो लोकांनी भर घातली आणि यूट्यूबच नव्हे, तर एक हजाराच्या वर साइट त्यात आल्या.

त्याच २०११ मध्ये एक इशारा मिळाला होता. गूगलची स्वतःची जुनी सेवा होती, गूगल व्हिडिओ. एप्रिलमध्ये लोकांना कळवण्यात आलं की २९ तारखेनंतर तिथले व्हिडिओ दिसणार नाहीत, हवे असतील तर उतरवून घ्या. जेसन स्कॉट आणि त्यांच्या 'अर्काइव्ह टीम' या स्वयंसेवकांनी मिळेल ते खाली उतरवायला सुरुवात केली. २००९ मध्ये जिओसिटीज बंद होताना त्यांनी तेच केलं होतं. आरडाओरडा झाला, गूगलनं तारीख मागे घेतली आणि व्हिडिओ यूट्यूबवर हलवण्याची सोय केली. तेव्हा निभावलं. पण एका ईमेलनं लाखो व्हिडिओंना दोन आठवड्यांची मुदत देता येते, हे दिसलं.

२०२०चे दोन महिने

आपल्यापैकी बहुतेकांना हे दिसलं ते २९ जून २०२० रोजी. भारत सरकारनं ५९ चिनी अ‍ॅपांवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. देशात त्याचे सुमारे २० कोटी वापरकर्ते होते असं सांगितलं जायचं. बंदी योग्य की अयोग्य, तो इथला विषय नाही. मला आठवतं ते एवढंच की आमच्या गावातली द्राक्षबागेत नाचणारी पोरं, ऊसतोडीच्या फडावर अभिनय करणारं एक जोडपं, खुरपणी करता करता गाणाऱ्या बायका, हे सगळं एका रात्रीत आमच्यासाठी बंद झालं. ज्यांनी वेळेत आपले व्हिडिओ उतरवले त्यांच्याकडे ते राहिले. बाकीच्यांकडे फॉरवर्ड झालेले तुकडे.

दुसरा महिना ऑक्टोबर. २३ तारखेला अमेरिकेतल्या संगीत कंपन्यांच्या संघटनेनं, म्हणजे आरआयएएनं, गिटहबला नोटीस पाठवली आणि यूट्यूब-डीएलचं सगळं कोड तिथून काढलं गेलं. आरोप असा की हे साधन यूट्यूबचं संरक्षक कुलूप मोडतं. पुरावा म्हणून कोडमधल्या चाचण्या दाखवल्या गेल्या. साधन नीट चालतंय का हे तपासायला त्यात टेलर स्विफ्ट, जस्टिन टिंबरलेक वगैरेंच्या गाण्यांचे पत्ते दिलेले होते.

पुढं जे झालं ते बघण्यासारखं होतं. ज्याच्याकडे कोड होतं त्यानं ते पुन्हा चढवलं. कुणी ते चित्रांच्या फाइलमध्ये भरून ट्विटरवर टाकलं. कुणी तर गिटहब ज्या जागी अशा नोटिसा प्रसिद्ध करतं, तिथंच नेऊन चिकटवलं. मग इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या वकिलांनी उत्तर लिहिलं: हे साधन कुठलंही कुलूप मोडत नाही, ब्राउझर जे करतो तेच करतं. १६ नोव्हेंबरला गिटहबनं कोड परत ठेवलं आणि अशा वेळी प्रोग्रामरना कायदेशीर मदत मिळावी म्हणून १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. सगळीकडे मात्र असा शेवट झाला नाही. जर्मनीत यूट्यूब-डीएलच्या वेबसाइटला जागा देणाऱ्या कंपनीविरुद्ध हॅम्बुर्गच्या न्यायालयानं २०२३ मध्ये संगीत कंपन्यांच्या बाजूनं निकाल दिला.

दरम्यान मूळ प्रकल्पाचं काम मंदावलं होतं. त्याच्या एका फांदीला आणखी एक फांदी फुटली आणि २०२१च्या सुरुवातीला वायटी-डीएलपी आलं. आज बहुतेक घरगुती साधनांच्या पोटात हेच चालतं. यूट्यूबही गप्प बसलेलं नाही. पत्ता शोधण्याचं कोडं दिवसेंदिवस अवघड होतंय. २०२५च्या अखेरीपासून तर ते सोडवायला वायटी-डीएलपीला डेनोसारखं जावास्क्रिप्ट चालवणारं वेगळं साधन सोबतीला लागतं. माझा सर्व्हर वर्षातून तीनचारदा बंद पडतो तो यामुळेच. अपडेट करायचं आणि पुढं जायचं.

टीव्हीखालचा लॅपटॉप

फाइल उतरली, पण आत्याला ती टीव्हीवर कशी दाखवायची? याचाही वेगळा इतिहास आहे. २००२च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या गेमच्या खोक्यात फेरफार करून काही हौशी लोकांनी त्यावर सिनेमे चालवणारं सॉफ्टवेअर बनवलं. तेच पुढं एक्सबीएमसी आणि २०१४ पासून कोडी. त्याचीच मॅक संगणकासाठीची एक फांदी म्हणजे प्लेक्स. एम्बी नावाचं आणखी एक सॉफ्टवेअर होतं. त्याच्या कर्त्यांनी कोड बंदिस्त करायचं ठरवलं, तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये काही जणांनी शेवटची खुली प्रत घेऊन जेलीफिन सुरू केलं. संपूर्ण मोफत, कुठलंही खातं नको, आपल्याच घरात चालणारं.

माझ्याकडे स्क्रीन फुटलेला एक जुना लॅपटॉप होता. त्यावर लिनक्स टाकलं, ४ टीबीची एक हार्डडिस्क जोडली आणि टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवला. लॅपटॉपचा एक फायदा असा की बॅटरी असल्यानं लाइट गेली तरी तो लगेच बंद पडत नाही. दाखवायला जेलीफिन. उतरवायला आधी मीट्यूब वापरलं: एक पान उघडतं, त्यात लिंक चिकटवायची, झालं. नंतर पिंचफ्लॅट. त्यात चॅनेलचं नाव एकदा सांगून ठेवलं की नवा व्हिडिओ आला की ते आपणहून उतरवतं, त्याचं चित्र, तारीख, वर्णन जोडतं आणि जेलीफिनला कळेल अशा फोल्डरमध्ये ठेवतं. माझा एक मित्र ट्यूब अर्काइव्हिस्ट वापरतो. ते जड आहे, पण त्यात सबटायटलमधले शब्दसुद्धा शोधता येतात.

तारीख आणि वर्णन जपणं महत्त्वाचं आहे, हे मला उशिरा कळलं. पहिल्या महिन्यात मी नुसत्या फाइल उतरवल्या. सहा महिन्यांनी बघते तर "भजन नवीन १" आणि "भजन नवीन १ (२)" यातलं कुठलं गाव, कुठलं मंडळ, काही पत्ता नाही. आबांच्या भजनाच्या वहीत प्रत्येक पानावर, हे कुणाकडून घेतलं आणि कुठल्या वारीत, हे लिहिलेलं आहे. ती वही त्यांनी त्यांच्या गुरूंच्या वहीवरून उतरवली होती आणि त्यांच्या वहीवरून पुढं आणखी तिघांनी. मी आता प्रत्येक फोल्डरला तेवढी माहिती जोडते.

जागा किती लागते? गावाकडचे बरेच व्हिडिओ साध्या दर्जाचे असतात. अकरा मिनिटांच्या भजनाला माझ्याकडे सरासरी ४० एमबी लागतात. म्हणजे ४ टीबीत अशी एक लाख भजनं मावतील. आबांचं भजन ठेवायला चाळीस एमबी जागा मला मिळाली नव्हती, असं म्हणायची सोय नाही. मी ते केलं नव्हतं, एवढंच.

४१ फाइल

हे सगळं कायदेशीर आहे का? अमेरिकेतला बीटामॅक्सचा निकाल आपल्याला लागू नाही. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठीच्या न्याय्य व्यवहाराला सूट आहे. २०१२च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ६५-अ हक्कभंगाच्या हेतूनं तांत्रिक कुलूप मोडण्याला शिक्षा सांगतं. आणि यूट्यूबच्या अटींमध्ये त्यांनी दिलेल्या सोयीखेरीज डाउनलोडला मनाई आहे. मी माझ्यापुरत्या रेघा आखल्यात. पैसे देऊन मिळणारे सिनेमे, मालिका, कंपन्यांची गाणी उतरवायची नाहीत, ती जपायला त्यांचे मालक समर्थ आहेत. जे उतरवते ते घराबाहेर दाखवायचं नाही, पुन्हा कुठं चढवायचं नाही.

या रेघा पुरेशा आहेत असं मला वाटत होतं.

मी ज्या चॅनेलांवर लक्ष ठेवून होते, त्यात एका बाईंचं चॅनेल होतं. स्वयंपाकघरात उभ्या राहून त्या गवळणी आणि जात्यावरच्या ओव्या गायच्या. चेहरा दिसायचा, मागे गॅसवर कुकर. आवाज असा की मी ऑफिसमधून येताना तेच ऐकायचे. बघणारे शेदीडशे. एक दिवस ते चॅनेल गायब झालं. मला, खरं सांगते, आनंद झाला. या वेळी माझ्याकडे सगळं होतं. ४१ व्हिडिओ, तारखांसकट. मी चॅनेलवर पूर्वी दिलेल्या ईमेलवर लिहिलं: ताई, तुमचं चॅनेल गेलं असेल तर काळजी करू नका, सगळं माझ्याकडे आहे, पेन ड्राइव्हवर पाठवते.

चार दिवसांनी उत्तर आलं. ते गेलं नव्हतं, त्यांनी स्वतः काढलं होतं. का, ते त्यांनी लिहिलं, पण मी इथं सांगणार नाही. शेवटी विनंती होती की तुमच्याकडचंही पुसून टाका.

तीन दिवस मी काही केलं नाही. मनात वाद घालत बसले. हे पुन्हा कुणी गाणार नाही. माझ्याकडे असलं तर कुणाला काय कळणार? मॅरियन स्टोक्सनी कुणाला विचारलं होतं? पण त्यांनी वाहिन्यांच्या बातम्या भरल्या होत्या, सगळ्या देशाला उद्देशून सांगितलेल्या. हे एका बाईचं स्वयंपाकघर होतं. आबांचा व्हिडिओ गेला तो कुणाच्याच मनात नसताना. हा गेला तो जिचा होता तिच्या मर्जीनं, आणि ती मर्जी मला आवडली नाही म्हणून ती कमी होत नाही.

मी लॅपटॉपवरच्या ४१ फाइल पुसल्या. मग लक्षात आलं की आणखी एक प्रत आहे. प्रती जपण्याबद्दल छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला एक नियम आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. माझी घराबाहेरची प्रत गावी आहे, आबांच्या लोखंडी ट्रंकेत, त्यांच्या वहीशेजारी. त्या शनिवारी एसटीनं गावी गेले, ती डिस्क लावली आणि तिथूनही पुसल्या. बाईंना कळवलं. त्यांनी फक्त हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.

गावी गेलेच होते, म्हणून चुलतबहिणीला बसवून सगळं दाखवलं. ती बारावीला आहे. डिस्क कुठली, पासवर्ड कुठं लिहिलाय, अपडेट कसं करायचं, कुणी काढून टाका म्हटलं तर काय करायचं. सगळं एका कागदावर लिहून ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलं. तिनं कागद वाचला आणि विचारलं, "ताई, आबांचा तो अकरा मिनिटांचा कुणाकडेच नसेल?"

तसं म्हणता येत नाही. सप्ताहाला आसपासच्या चार गावांतले लोक होते. कुणाच्या तरी जुन्या फोनमध्ये, कपाटात पडलेल्या मेमरी कार्डात असेलही. मी अजून विचारत असते. आता ती पण विचारते.